बोट टेकतें, पण उमटत नाहीं

पाण्यानें भरलेला कांचेचा पेला हातांत धरून वरून, पाण्यांतून, त्याच्या बाजूकडे पाहिलें तर कांच आरशासारखी रुपेरी दिसते. पेला धरणारीं बोटें पलीकडे असूनहि जवळजवळ दिसेनाशीं होतात. मात्र बोट जरा दाबलें कीं त्याच्या टोकावरील रेषांची नक्षी उमटते. आणि तेंच बोट ओलें करून टेकविलें तर सबंध ठसा दिसूं लागतो. घरीं बांधलेल्या अवरक्त स्पर्शपटाचें मर्म आणि त्याचीं बहुतेक दुखणीं या पेल्यांत सांपडतात.

हा पट म्हणजे ॲक्रिलिकची सहा ते दहा मिलिमीटर जाडीची पारदर्शक तक्ती. तिच्या घासून चकचकीत केलेल्या कडांतून लहान लहान दिवे अवरक्त प्रकाश आंत सोडतात. डोळ्यांना न दिसणारा हा प्रकाश विल्यम हर्शेल यांनीं १८०० सालीं शोधून काढला. ॲक्रिलिकमधून हवेकडे जातांना तो लंबाशीं सुमारें ४२ अंशांहून अधिक तिरपा असला तर बाहेर पडूं शकत नाहीं. दोन पृष्ठांवर आपटत आंतच कोंडून राहतो. बोट टेकलें कीं तेवढ्या जागीं कोंडी फुटते, प्रकाश बोटावरून विखुरतो आणि पाठीमागचा कॅमेरा तो ठिपका टिपतो. दहा बोटें, दहा ठिपके. न्यूयॉर्क विद्यापीठांत जेफ हॅन यांनीं २००५ सालीं ही रीत अल्प खर्चांत करून दाखविली आणि हौशी लोकांनीं ती उचलली.

परंतु ‘टेकणें’ म्हणजे किती जवळ येणें? जगदीशचंद्र बोस यांनीं १८९७ मध्यें विद्युत्-लहरींवर प्रयोग करून, दोन लोलकांमधील हवेची फट किती असतां लहर ती ओलांडते, हें मोजलें होतें. लहर जितकी लांब तितकी अधिक रुंद फट ती ओलांडते. बोस यांच्या लहरींच्या बाबतींत ही फट मिलिमीटरांत मोजावी लागे. स्पर्शपटांतील लहर मात्र मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाहूनहि आंखूड. तेवढी हवा मध्यें राहिली तरी यंत्राच्या लेखीं बोट टेकलेलेंच नसतें.

अहिल्यानगर जिल्ह्याची हवा आडवी येते ती येथेंच. पारनेर, पाथर्डी, कर्जत हा अवर्षणाचा मुलूख; थंडींत कोरड्या वाऱ्यानें मुलांचीं बोटें फुटतात, खरखरीत होतात. २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानंतर राज्यांतील पुष्कळ जिल्हा परिषद शाळांत लोकवर्गणींतून प्रोजेक्टर आले. त्याला जोडून एखाद्या हौशी गुरुजींनीं असा पट बांधला, तर त्यांचें बोट चालतें आणि समोर आलेल्या मुलीचें चालत नाहीं, असें सहज घडूं शकतें. ती जोर लावते, वर्ग हसतो, आणि आपल्यालाच हें जमत नाहीं अशी तिची समजूत होते. वास्तविक उणीव असते ती केवळ त्वचेवरील ओलाव्याची.

निदान सोपें आहे. बोटाला खोबरेल तेलाचा पुसटसा हात लावून पाहावा. ठिपका उमटला तर दिवे, कॅमेरा, संगणक निर्दोष, दुखणें पृष्ठभागाचें. तरीहि न उमटला तर दिव्यांकडे वळावें. मोबाईलच्या कॅमेऱ्यांतून पाहिलें असतां पेटलेला अवरक्त दिवा बहुधा जांभळट दिसतो.

पृष्ठभागावर उपाय म्हणजे बोट आणि ॲक्रिलिक यांच्यामध्यें एक मऊ मध्यस्थ घालणें. फटी बुजविण्यासाठीं हार्डवेअरच्या दुकानांत मिळणारें सिलिकोन झायलिनमध्यें पातळ करून ट्रेसिंग पेपरवर रूळानें त्याचे पातळ थर द्यावेत आणि पूर्ण वाळल्यावर सिलिकोनची बाजू तक्तीकडे करून कागद पसरावा. मग कोरडें बोटहि सिलिकोन दाबतें व सिलिकोन तक्तीला भिडतें. थर कांचेसारखा गुळगुळीत झाला तर मात्र तो चिकटून बसतो आणि बोट उचलल्यावरहि ठिपका रेंगाळतो. रूळाची बारीक रवाळ खूण राहिलेलीच बरी. झायलिनची वाफ विषारी व ज्वालाग्राही असते. हें काम उघड्यावर, विस्तवापासून दूर आणि मोठ्यांनींच करावें; मुलांच्या वर्गांत कदापि नव्हे.

कुणीहि हात न लावतां ठिपके उमटूं लागले तर संशय उन्हावर घ्यावा. सूर्यप्रकाशांत अवरक्त किरण विपुल असतात. तारेच्या जुन्या विजेच्या दिव्यांतहि असतात. खिडकीला जाड पडदा लावावा. संगणक रिकाम्या पटाचें चित्र लक्षांत ठेवून तें वजा करीत असतो. परंतु सकाळीं घेतलेलें चित्र दुपारच्या उजेडांत निरुपयोगी ठरतें, आणि तें पुन्हां घ्यावें लागतें.