कठीण कवचाचीं फळें आणि नाजूक पोट

गेल्या दिवाळीच्या सुटीनंतर आमच्या एका वर्गबंधूनें नाशिकहून आलेलें चॉकलेट वर्गांत आणलें. त्यांत अख्खे हेझलनट घातलेले होते. आम्हां चौघांत त्याची वांटणी झाली. परंतु मोठा वांटा अर्थात् मालकानेंच घेतला. सायंकाळीं त्याचें पोट फुगलें, कळा येऊं लागल्या आणि रात्र त्यानें जागून काढली. दुसऱ्या दिवसापासून घरच्या मंडळींनीं त्याला सर्वच प्रकारचे दाणे बंद केले. हेझलनट पेठेस कोण रोज खातो? तेवढी बंदी सहज सोसतां आली असती. पण नागलीच्या भाकरीबरोबरची शेंगदाण्याची चटणी गेली, खुरासणीचीही गेली. आणि ज्या घरीं दूधतूप बेताचेंच, त्या घरच्या मुलाच्या ताटांतून स्निग्ध व पौष्टिक असें जें होतें तें बहुतेक सर्व गेलें. म्हणून या विषयाची थोडी चौकशी करावी असें आम्हांस वाटलें.

हेझलनट हें भूर्जाच्या कुळांतील झाड. ज्याच्या सालीवर पूर्वीं पोथ्या लिहीत, तो हिमालयांतील भूर्ज त्याचा भाऊबंद होय. हिमाचल प्रदेशांतील पांगीच्या खोऱ्यांत याचीच एक रानटी जात आढळते व तेथील लोक तिच्या फळास थांगी म्हणतात. जगाच्या बाजारांतील माल मात्र निम्म्याहून अधिक तुर्कस्तानचा, काळ्या समुद्राकांठचा. त्याच्या १०० ग्रॅम गरांत सुमारें ६० ग्रॅम स्नेह, १५ ग्रॅम प्रथिनें व १० ग्रॅम चोथा असतो. आपल्या भुईमुगाच्या दाण्यांत स्नेह ५० ग्रॅमच्या आंत-बाहेर, पण प्रथिनें २५ ग्रॅम. शिवाय भुईमूग हें झाडावरचें कवचफळ नव्हेच. तो तूर-उडदांच्या कुळांतला आहे. तेव्हां एकाच्या अपराधासाठीं दुसऱ्यास शिक्षा देण्यापूर्वीं विचार करावयास हवा होता.

मराठींत ‘वावडें’ हा एकच शब्द आपण दोन अगदीं निराळ्या गोष्टींना लावतों, आणि घोटाळा तेथूनच सुरू होतो.

पहिलें वावडें पोटाचें. कांहीं पदार्थांतील शर्करा लहान आंतड्यांत पचत नाहींत. त्या तशाच मोठ्या आंतड्यांत उतरतात, तेथील सूक्ष्म जंतु त्यांना आंबवितात व वायु तयार होतो. कुळीथ किंवा चवळी अधिक खाल्ल्यावर काय होतें हें वाचकांस सांगावयास नको. ज्यांचें आंतडें मूळचें हळवें, त्यांस एरवीं न जाणवणारा वायुही कळा आणतो. ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न येथील मोनॅश विद्यापीठानें अशा शर्करांसाठीं अनेक खाद्यें तपासलीं. त्यांत काजू व पिस्ते त्रासदायक ठरले. शेंगदाणे सौम्य निघाले. हेझलनट १० दाण्यांपर्यंत सोसण्याजोगे, त्याहून अधिक झाल्यास हळव्या पोटाला जड. म्हणजे येथें सारा प्रश्न मापाचा आहे. त्यांतून स्नेह पुष्कळ असल्यामुळें जठर रिकामें व्हावयास वेळ लागतो, आणि नीट न चावतां गिळलेला दाणा तर अधिकच छळतो. उपवासाच्या दिवशीं रिकाम्या पोटीं दाण्याची आमटी व साबुदाण्याची खिचडी भरपूर चेपून मग जळजळीची तक्रार करणारे आपल्यांत थोडे नाहींत!

दुसरें वावडें रक्ताचें म्हणावें. त्याला अ‍ॅलर्जी म्हणतात. येथें शरीराची रोगप्रतिकारक शक्तिच त्या दाण्यांतील प्रथिनाला शत्रु समजून उठते. मापाचा प्रश्न उरत नाहीं; दाण्याचा कणही पुरतो. कांहीं मिनिटांत, फार तर दोनेक तासांत, अंगावर गांधी उठतात, ओंठ सुजतात, उलट्या होतात, घसा आवळतो, श्वास कोंडतो. असें दिसल्यास घरगुती उपचारांत वेळ घालवूं नये. अ‍ॅड्रिनॅलिनचें इंजेक्शन हाच त्यावरचा पहिला उपाय, म्हणून १०८ क्रमांकास कळवून तत्काळ रुग्णालय गांठावें. भाजल्यानें दाणा निर्धोक होतो ही समजूतही पुरी खरी नव्हे. भूर्जाच्या परागांची अ‍ॅलर्जी असलेल्या युरोपीय लोकांस कच्च्या हेझलनटानें तोंडांत खाज सुटते, ती भाजलेल्यानें पुष्कळदां कमी होते. परंतु त्यांतील दुसरीं प्रथिनें उष्णतेला दाद देत नाहींत, आणि भाजलेला शेंगदाणा तर उलट अधिक बाधतो.

आपल्या रानांतील माणसांना अशा वावड्याची जाण जुनीच आहे. बिब्याचें तेल अंगाला लागून एकाला कांहींच होत नाहीं, दुसऱ्याच्या अंगावर मात्र तो उततो. त्याच बिब्याच्या आंतील गोडांबी लोक आवडीनें खातात. बिबा, चारोळी, काजू आणि आंबा हीं सर्व एकाच कुळांतलीं. म्हणून बिबा उतणाऱ्या माणसानें नवें कवचफळ जपूनच चाखावें हें योग्य. पण म्हणून त्याला भुईमूगही वर्ज्य, असें ठरत नाहीं.

पेठेच्या पावसाळ्यांत आणखी एक गोष्ट संभवते. ओलसर जागीं ठेवलेल्या दाण्यांना बुरशी येते आणि तिचें विष भाजल्यानें पुरतें जात नाहीं. कडवट लागलेला दाणा थुंकून टाकावा. त्याचा दोष आपल्या पोटावर घेऊं नये.

आमच्या मित्राला ना गांधी उठल्या होत्या, ना श्वास लागला होता. डॉक्टरांनीं विचारपूस करून त्याला दोन आठवडे दाणे व दूध दोन्ही सोडावयास सांगितलें, आणि मग एकेक पदार्थ तीन-तीन दिवसांच्या अंतरानें थोडा थोडा परत घ्यावयास लाविला. शेंगदाण्याची चटणी सुखरूप पार पडली. पुढें कोणीं आणून दिलेले पांच भाजके हेझलनटही त्यानें जेवणानंतर सावकाश चावून खाल्ले, तरी कांहीं झालें नाहीं. पेलाभर दूध घेतलें त्या रात्रीं मात्र पोट पूर्वींसारखेंच फुगलें. चॉकलेटांतील दुधाची शर्करा त्याला पचली नव्हती! चटणी आतां त्याच्या डब्यांत रोज असते. चहा मात्र तो कोराच घेतो.