केतकरांचे परदेशी अध्ययन आणि ‘हिंदुस्थान आणि जग’

अभनपूर ज्या रायपूर जिल्ह्यात येते, त्याचा उल्लेख मराठी वाङ्मयेतिहासात सहसा येत नाही. तथापि ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा जन्म १८८४ मध्ये रायपूर येथेच झाला. अमरावतीस व पुढे मुंबईस शिक्षण घेऊन १९०६ मध्ये ते अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेले आणि १९११ मध्ये त्यांनी तेथील डॉक्टरेट संपादन केली. तेथील अध्ययनाने या विद्यार्थ्यास काय दिले, याचा विचार चरित्रकथनाच्या पलीकडे जाऊन करावयास हवा.

जातिसंस्थेच्या इतिहासावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मनुस्मृती हे त्रिकालाबाधित शासन नसून इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील समाजस्थितीचा पुरावा आहे, अशा भूमिकेतून तिचे वाचन केलेले आहे. धर्मग्रंथाला काळाच्या चौकटीत बसवून प्रश्न विचारण्याची ही शिस्त त्या अभ्यासक्रमाची पहिली देणगी होय.

दुसरी देणगी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’च्या रचनेत दिसते. ज्ञानकोश म्हटला की तो ‘अ’पासून सुरू व्हावा, ही वाचकाची साहजिक अपेक्षा. १९१६ मध्ये नागपुरात आरंभिलेल्या या उद्योगात मात्र अकारादी खंडांच्या आधी पाच प्रस्तावनाखंड आले. त्यांतील पहिला ‘हिंदुस्थान आणि जग’, ‘वेदविद्या’ त्यानंतर. म्हणजे स्वतःच्या परंपरेकडे वळण्यापूर्वी वाचकाने जगातील आपले स्थान पाहावे, असा हा क्रम आहे. पण पुढील दोन खंडांची नावे अधिक बोलकी आहेत: ‘बुद्धपूर्व जग’ आणि ‘बुद्धोत्तर जग’. जगाच्या इतिहासाचे दोन भाग पाडताना त्यांनी सीमारेषा म्हणून बुद्धाची निवड केली. तुलनेची पद्धती पाश्चात्त्य विद्यापीठातून घेतली, मोजण्याचा मापदंड मात्र येथलाच ठेवला. मराठीत ज्ञानव्यवहार उभा करण्याच्या दृष्टीने ही निवड लहान नव्हती. (केतकरांची मराठी रुक्ष आहे ही तक्रार खरी आहे, पण ती करणाऱ्यांनी खंडांचा हा क्रम क्वचितच लक्षात घेतला आहे.)

याच विषयावर अमेरिकेत आणखी एका मराठी विद्यार्थ्याने विचार केला. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या चर्चावर्गात भीमराव आंबेडकरांनी जातीवरील निबंध वाचला. जातीची व्याख्या सुटी न करता संपूर्ण जातिव्यवस्थेच्या संदर्भात केली, याचे श्रेय त्यांनी केतकरांना दिले. परंतु जातीबाहेर विवाहाची बंदी आणि जन्मानेच मिळणारे सदस्यत्व ही केतकरांनी वेगळी मानलेली दोन लक्षणे वस्तुतः एकाच गोष्टीची दोन अंगे आहेत, असे दाखवून त्यांनी विवाहबंदीलाच जातीचे मर्म ठरविले.

केतकरांनी या आक्षेपास शास्त्रीय उत्तर दिले की नाही, यापेक्षा त्यांच्या कादंबऱ्या पाहणे उपयुक्त ठरेल. १९३० च्या ‘ब्राह्मणकन्या’मधील कालिंदीला आईच्या कुळामुळे जातीत निश्चित स्थान नाही, आणि तिच्या विवाहाचा प्रश्न उभा राहतो तो तेथूनच.