टाकाऊ गाळ काय सांगतो?

राजस्थानातल्या रामपुरा आगुचा खाणीतल्या खनिजात शिशाचं गॅलेना आणि जस्ताचं स्फॅलेराइट दगडात गुंतलेलं असतं. दळून कण सुटे केले, की झँथेट हे रसायन धातूच्या कणांना पाणी नकोसं करतं. मग ते बुडबुड्यांना चिकटून फेसासोबत वर येतात. सहसा आधी शिसं काढतात. तोवर जस्ताला झिंक सल्फेटने दाबून ठेवतात, नंतर मोरचूद घालून तरंगवतात.

खरी परीक्षा मागे उरलेल्या टाकाऊ गाळाची. तो चाळून प्रत्येक आकाराच्या कणांतला धातू मोजायचा. जाड कणांत दगडात अडकलेला धातू सापडला, तर दळण अपुरं. अतिबारीक कणांत सापडला, तर दळण बहुधा जास्त झालं: एवढ्याशा कणांची बुडबुड्यांशी गाठ क्वचितच पडते. नुसता एकूण उतारा पाहून हा फरक कळत नाही. जमिनीतून एकदाच मिळणाऱ्या धातूसाठी एवढी चिकाटी हवीच.