सोलापूरचा उन्हाळा आणि मोजके सुती जोड

सोलापूरच्या उन्हाविषयी सोलापूरकरांना नव्याने काही सांगावे असे नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर जाणे ही येथे नेहमीची बाब आहे. दुपारी बारा ते चार कापडबाजारात गिऱ्हाईक फिरकत नाही आणि आम्ही व्यापारी मंडळी पंख्याखाली वह्या चाळीत बसतो. अशाच एका दुपारी आम्ही आमच्या दुकानाची उन्हाळ्यातील विक्री पाहत होतो. सर्वाधिक खपलेला माल निघाला जॉर्जेट, क्रेप आणि चकाकणारे टेरिकॉट. ज्या दिवसांत अंगावर सूत हवे, नेमक्या त्याच दिवसांत आम्ही सर्वांत उबदार कापड विकले होते, आणि तेही आनंदाने, कारण त्यात नफा बरा सुटतो.

याचे कारण ईदची खरेदी होय. २०२४ साली ईदुल फित्र ११ एप्रिलला आली, २०२५ साली ३१ मार्चला. दरवर्षी ती दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. गेली काही वर्षे अशी आहेत की ईदचे कपडे आणि उन्हाळ्याचे कपडे एकाच खरेदीत व्हायला हवेत. पण आपल्या घरांत तसे होत नाही. ईदचा जोड ‘फॅन्सी’ घेतला जातो, ईदच्या सकाळी दोन-तीन तास अंगावर राहतो आणि नंतर पेटीत जातो. मग मे महिन्यात रोज घालायला काही नाही म्हणून कटपीसच्या ढिगातून मिळेल ते उचलले जाते. यंत्रमागावर आठवड्याच्या पगारावर काम करणाऱ्या माणसाला हा दुहेरी खर्च परवडत नाही, हे आम्ही उधारीच्या वहीवरून सांगू शकतो.

सूत आणि पॉलिएस्टर यांतला फरक कापडवाल्याच्या भाषेत साधा आहे. सामान्य हवेत सुताचा धागा आपल्या वजनाच्या सुमारे आठ टक्के ओलावा धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा धरीत नाही. म्हणून सुती कुडता घाम पितो आणि वाऱ्याने थंड होतो, तर टेरिकॉटखाली घाम अंगावरच राहतो. टेरिकॉट चुरगळत नाही, लवकर वाळते आणि वर्षानुवर्षे फाटत नाही, हे खरे. पण सोलापूरच्या कोरड्या उन्हात पातळ मलमलही बघता बघता वाळते, तेव्हा येथे त्या गुणाला फारशी किंमत नाही.

एक गंमत येथे सांगितली पाहिजे. १८७७ साली सुरू झालेली जुनी गिरणी आणि तिच्यामागून आलेल्या गिरण्या यांच्या भोंग्यांवर हे शहर कधीकाळी उठत असे. आज सोलापूरची चादर आणि टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे, शाळांचे गणवेश येथून देशभर जातात. पण उन्हाळ्यात अंगाला लावायचे पातळ कापड आम्हाला बाहेरून मागवावे लागते. इचलकरंजीचे पॉपलीन आणि केंब्रिक येते, मलमल व व्हॉईल दूरदूरच्या पेठांतून येते. सोलापूरचे म्हणून उन्हाळ्यात उपयोगी पडते ते टॉवेल. तो ओला करून मानेवर टाकला की दुपार निभते.

आता खरेदीविषयी. ‘प्युअर कॉटन’ या छापावर विश्वास ठेवू नये. काही वर्षांपूर्वी आम्ही स्वतः फसलो. एका घाऊक व्यापाऱ्याकडून सुती म्हणून घेतलेले तागे आम्ही तशाच भरवशावर विकले. आठ दिवसांनी एक भगिनी शिवलेला सूट घेऊन परत आल्या. त्यांच्या मुलीच्या पाठीवर घामोळे उठले होते. आम्ही काठाचा धागा काढून काडी लावली, तर तो वितळून त्याची टणक गोळी झाली. सूत असते तर कागद जळाल्यासारखा वास येऊन मऊ राख पडली असती. कापडाचे पैसे आम्ही परत केले, शिलाईचे मात्र त्या बाईंनी घेतले नाहीत. ती गोष्ट आम्हाला अजून टोचते. तेव्हापासून नवा माल आला की आधी काडी, मग बिल. गिऱ्हाइकानेही दुकानदाराकडे धागा मागावा, त्यात संकोच कसला? दुसरी परीक्षा खळीची. कापड दोन्ही हातांत धरून चोळावे. पांढरी पूड झडली तर त्याचा दाटपणा खळीचा आहे, पहिल्याच धुण्यात ते जाळीसारखे होईल.

सुताचा नंबर विचारावा. एका पौंडात ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतात तितका तो नंबर. नंबर वाढला की धागा बारीक. ४० नंबरचे केंब्रिक पायजमा-सलवारीला ठीक, ६० ते ८० नंबरचे कुडत्याला, १०० नंबरची मलमल ओढणीला. आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी तनजेब, नैनसुख अशी नावे असत. नावातच कापडाचा पोत कळायचा. आता सगळ्यालाच ‘कॉटन’ म्हणतात.

पुरुषाला उन्हाळा काढायला तीन कुडते, दोन शर्ट, दोन पायजमे, एक सुती पँट आणि दोन लुंग्या पुरेत. युक्ती रंगात आहे. खालचे सर्व कपडे पांढरे किंवा बदामी ठेवावेत, म्हणजे वरचा कोणताही कपडा कशावरही चालतो. पांढऱ्या कुडत्याला खळ-इस्त्री करून वर सुती जाकीट चढवले की मे महिन्यातील लग्नालाही तोच चालतो. भगिनींनी तीनही सलवारी एकाच फिक्या रंगाच्या शिवाव्यात, त्यावर चार कुर्त्या आणि दोन मलमलच्या ओढण्या. चार दिवसांआड येणारे नळाचे पाणी या शहराने बरीच वर्षे पाहिले आहे. ज्या घरात पाणी मोजून वापरावे लागते, तेथे यापेक्षा कमी जोड ठेवणेही बरे नव्हे. बाह्या पूर्ण आणि सैल असाव्यात. आपल्याकडच्या कोरड्या उन्हात उघड्या दंडापेक्षा झाकलेला दंड कमी तापतो.

बुरख्याचा प्रश्न वारंवार विचारला जातो. १९८० साली ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकात वाळवंटातील बदाऊंच्या झग्यांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला होता. काळा झगा ऊन जास्त शोषतो, पण तो सैल असल्याने ती उष्णता कातडीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच बाहेर जाते, असे त्यात आढळले. म्हणजे रंगाइतकाच कापही महत्त्वाचा. बाजारातील निदा हे पॉलिएस्टरच आहे. काळे सूत लवकर विटते म्हणून ते कोणी घेत नाही, आणि आम्हीही आग्रह करीत नाही. पण बुरखा सैल शिवावा आणि त्याच्या आत जॉर्जेटचा सूट कदापि घालू नये.

मापाचे म्हणाल तर ४४ इंच पन्ह्यात मध्यम बांध्याच्या माणसाचा लांब कुडता पावणेतीन मीटरांत बसतो. सुती कापड तीन ते पाच टक्के आटते, तेव्हा पाच-सहा इंच जास्त घ्यावे आणि शिवण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून, न पिळता सावलीत वाळवावे. बहुतेक शिंपी बांधव निम्मा रमजान सरला की नवे कापड हाती घेत नाहीत. भिजवण्या-वाळवण्याचे दोन दिवस धरून खरेदी शाबानमध्येच उरकावी. त्या वेळी दुकानात गर्दी नसते, आणि धाग्याला काडी लावून दाखवायला आम्हालाही सवड असते.