मुंग्यांची वाट आणि भाजीच्या गाडीची मुदत

बेळगावच्या घाऊक बाजारातून गोव्याला भाजीपाला जातो, हे सीमाभागातील अध्यापकांस नव्याने सांगावयास नको. साखळी, म्हापसा या बाजूस जाणारी गाडी चोर्ला घाटाने उतरते. फोंडा-मडगावसाठी अनमोडची वाट आहे. समजा, एका गाडीने १५ दुकानांत माल उतरवावयाचा आहे. तो कोणत्या क्रमाने? असे क्रम सुमारे १ लाख ३० हजार कोटी होतात. सेकंदाला १० लाख क्रम तपासणारा संगणकही त्यात १५ दिवस गुंतून पडेल. तोवर कोथिंबिरीचे काय होईल?

शिवाय प्रत्येक दुकानदाराची वेळ निराळी. एकाला माल पहाटे ५ ते ६ च्या दरम्यान हवा, दुसरा ७ वाजल्याशिवाय दार उघडत नाही. इंग्रजी संज्ञेचे शब्दशः भाषांतर 'वेळेची खिडकी' असे होईल. मला अरबीतून फारसीमार्गे मराठीत रुळलेला 'मुदत' हा शब्द बरा वाटतो. मुदत आली की जवळची वाट हीच चांगली वाट राहत नाही. गाडी लवकर पोहोचली तर बंद दारापुढे तिष्ठते आणि पुढची मुदत हुकते.

गाड्यांच्या आखणीचा प्रश्न डँटझिग व रॅम्सर यांनी १९५९ साली पेट्रोलच्या टँकरसंदर्भात मांडला होता. त्यावर निसर्गातून मिळालेली एक युक्ती मुंग्यांची आहे.

ब्रुसेल्स येथील दनबूर व त्यांच्या सहकाऱ्यांचा १९८९ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग असा : वारूळ आणि अन्न यांमध्ये एक आखूड व एक लांब अशा दोन वाटा ठेवल्या. मुंगी चालताना गंध सोडते. आखूड वाटेने गेलेल्या मुंग्या आधी परततात, म्हणून तिथे गंध आधी साचतो. मागच्या मुंग्या गंधाच्या मागे जातात. काही वेळाने बहुतेक सर्व आखूड वाटेवर. मोजणारा कोणी नाही, मुकादम नाही. मात्र आखूड वाट मागाहून खुली केली, तेव्हा मुंग्या जुन्या लांब वाटेलाच चिकटून राहिल्या. माझ्या मते प्रयोगाचा हा दुसरा भागच अधिक महत्त्वाचा.

मिलान येथे १९९२ साली मार्को डोरिगो यांनी पीएच.डी.च्या प्रबंधात ही रीत संगणकात आणली. तिथली मुंगी म्हणजे एक पूर्ण क्रम रचणारी लहानशी आज्ञावली. पुढचे दुकान ती गंध आणि जवळीक पाहून, पण थोडे नशिबावर सोडून निवडते. फेरी संपली की चांगल्या क्रमाच्या वाटांवर गंध वाढवतात आणि सर्वत्र थोडा उडू देतात. दर फेरीस १० टक्के उडाला, तर न वापरलेल्या वाटेवरील १०० चा गंध सात फेऱ्यांत ४८ वर येतो. खऱ्या मुंगीला न जमलेले विसरणे येथे मुद्दाम घातले आहे. दरड कोसळून घाट बंद झाला, तर कालची वाट विसरता यावयास हवी.

मुदतीसाठी निवडीचा नियम बदलतो : जिथे वेळेत पोहोचणे अशक्य, ते दुकान त्या क्रमात घेता येत नाही, ज्याची मुदत संपत आली, त्याचे वजन वाढते. गाम्बार्देल्ला व सहकाऱ्यांनी १९९९ साली दोन वारुळे योजली. एक गाड्यांची संख्या घटवते, दुसरे प्रवासाचा वेळ. मिळालेले उत्तर सर्वोत्तमच आहे याची हमी कोणी देत नाही; पण ते गाडी सुटण्यापूर्वी हाती येते.

वर्गात हे फळ्यावर करता येईल. बेळगावहून निघून हुक्केरी, संकेश्वर, निपाणी, चिकोडी व गोकाक ही पाच ठिकाणे घ्यावीत. क्रम १२० च होतात. आधी केवळ अंतरे देऊन उत्तर काढावे. मग निपाणीला सकाळी ९ च्या आत पोहोचण्याची अट घालावी आणि कोणते क्रम गळतात ते विद्यार्थ्यांकडूनच खोडून घ्यावे.