कॅम्पर व्हॅनची समोरची काच सकाळी आतून ओली का होते?

थंडीत मनाली किंवा महाबळेश्वरला कॅम्पर व्हॅनमध्ये मुक्काम केला, की सकाळी समोरच्या काचेवर आतून पाण्याचे ओघळ दिसतात. गाडी गळतेय असं अनेकांना वाटतं. पण हे पाणी बाहेरून आलेलं नसतं.

झोपेत आपल्या श्वासातून रात्रभर वाफ बाहेर पडत असते. आत स्वयंपाक केला तर त्यात भर पडते. १ किलो एलपीजी जळला, की दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. व्हॅनच्या भिंतींना इन्सुलेशन असतं, समोरच्या काचेला नसतं. ती सर्वात आधी गार पडते आणि वाफेचं पाणी तिच्यावरच जमतं.

मग काय करायचं?

• झोपताना छताचं व्हेंट आणि एक खिडकी बोटभर उघडी ठेवा.
• काचेला बाहेरून थर्मल कव्हर लावा.
• ओले कपडे आत वाळत घालू नका.
• निघण्याआधी काच पुसा. मग एसी सुरू ठेवून गरम हवा काचेवर सोडा आणि रीसर्क्युलेशन बंद ठेवा. एसी हवेतला ओलावा काढून घेतो.

काच सुकवायला शेगडी मात्र कधीच पेटवू नका. त्याने ओलावा वाढतोच, शिवाय बंद गाडीत कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो. या वायूला वास नसतो. झोपेतच जीव जाऊ शकतो.