लोणारच्या भाऊबंदांची स्मरणशक्ती

2020च्या जूनमध्ये बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर गुलाबी झाले आणि तर्कवितर्कांना ऊत आला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासून सांगितले, की हा रंग हॅलोआर्किआ या मीठप्रिय सूक्ष्मजीवांचा. नमुना न हलवता ठेवला, की ते तळाशी बसत आणि वर नितळ पाणी उरे.

याच गोतावळ्यातल्या ‘हॅलोबॅक्टेरियम सलिनारम’च्या जांभळ्या पटलातले प्रथिन 1971 मध्ये डीटर ओस्टरहेल्ट आणि वॉल्टर स्टोकेनियस यांनी ओळखले. त्याचे नाव बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन. हिरवा-पिवळा प्रकाश पडला की ते पिवळे होते, निळा पडला की पुन्हा जांभळे. लिहायला-पुसायला आयतीच पाटी!

या पाटीवर होलोग्राफीने लिहिता येते. तीत दोन लेसर झोत एकमेकांत मिसळतात आणि त्यातून उमटणारी नक्षी म्हणजे साठवलेली माहिती. जाड थरात झोताचा कोन किंचित बदलला, की त्याच जागी दुसरे पान लिहिता येते.

गोची अशी, की मूळ प्रथिन काही मिलिसेकंदांत सगळे विसरते.

जर्मनीत नॉर्बर्ट हाम्प यांच्या गटाने त्यावर एकच अमिनो आम्ल बदललेला ‘डी96एन’ हा प्रकार वापरला. त्यात पिवळी अवस्था कितीतरी जास्त टिकते. अमेरिकेत रॉबर्ट बर्ज यांनी या प्रथिनाच्या त्रिमितीय स्मृतीचे प्रयोग केले. दुकानात मात्र या प्रथिनाची माहिती साठवणारी तबकडी आलीच नाही. हार्ड डिस्क आणि फ्लॅश मेमरी स्वस्त होत गेल्या. सध्या हेच प्रथिन कृत्रिम दृष्टिपटलाच्या संशोधनात वापरले जाते.